भिंतीवरचा लाल ठिपका

औरंगपुऱ्यातल्या एका दुकानदाराने माझ्या कुत्रीला फसवलं. मला नाही, कुत्रीला. मला फसवायला माणसं गुलमंडीतल्या माझ्या दुकानात रोज येतात, त्यांना मी चहा पाजून परत पाठवतो. पण तिला ना भाव कळतो ना तोंडाने भांडता येतं. म्हणून तिच्या वतीने मी लिहायला बसलो आहे.

फसवणूक कशाला म्हणायचं हे मला कुणी शिकवायची गरज नाही. मी कापडवाला. माझा धंदा पाचोडच्या आठवडी बाजारात जमिनीवर अंथरलेल्या एका पोत्यावर सुरू झाला. पोत्यावर कटपिसांचा ढीग, शेजारी बांगड्यावाली, समोर बैलांच्या झुली विकणारा. आमच्या घरात माझ्याआधी सगळ्यांनी दुकान पाहिलं ते बाहेरून. गल्ल्याच्या मागे बसणारा मी पहिला. त्या पोत्यावरून उठून गुलमंडीत शटर लावायच्या जागेपर्यंत येताना मी एकच गोष्ट पाळली: भाव हवा तेवढा ताणा, आरडाओरडा करा, उठून जायचं नाटक करा, गिऱ्हाइकाला मागून तीनदा हाक मारा, सगळं चालतं. पण सौदा झाला की माल त्याच्या हातात पडला पाहिजे. माल दाखवत राहायचं आणि हातात द्यायचाच नाही, याला आमच्यात धंदा म्हणत नाहीत.

आणि एक रीत मी कधी सोडली नाही. सौदा तुटला, म्हणजे ठरला, की मी विचारतो, "वर काय?" भाजीवर कोथिंबीर असते, तशी. कापडाच्या ताक्यावर रुमालाचा तुकडा. घेणारा असलो तरी विचारतो आणि देणारा असलो तर न विचारता देतो. पुष्कळांना हा लोभ वाटतो. माझ्या बायकोलाही वाटतो. पण बाजारात बसलेल्या माणसाला कळेल, वर दिलेली वस्तू म्हणजे समोरच्याचं म्हणणं असतं की बाबा, भांडलो ते भांडलो, आता मनात काही ठेवू नको. ती वस्तू फुटकी निघाली तर मूळ माल फुटका निघाल्यापेक्षा जास्त लागतं.

कुत्रीसुद्धा मला वरच मिळाली.

दुकान चांगलं चालायला लागल्यावरही मी वर्षाच्या मिरच्या आणायला पाचोडलाच जायचो. शहरात मिरची मिळते, पण भांडायला मजा येत नाही. तिथं एक मिरचीवाली होती. चाळिशीची असेल, कपाळावर पदर ओढलेला, जीभ तिच्या मालापेक्षा तिखट. त्या दिवशी आमचं चांगलंच जुंपलं. आजूबाजूची माणसं आपापली गिऱ्हाइकं सोडून बघायला लागली. शेवटी तिने मी सांगितलेल्या भावाने मिरच्या पिशवीत ओतल्या आणि मी म्हटलं, "वर काय, मावशी?"

"वर? अंगावरचं कातडं सोललंत की भावात, आता वर पायजे?"

"रीत हाय."

"रीत हाय व्हय? मग घ्या." तिने पोत्याखाली हात घातला आणि मातीच्या रंगाचं एक पिल्लू काढून माझ्या पिशवीत मिरच्यांवर ठेवलं. "लई खाती. आन् तोंडात धरलं की सोडत नाय. तुमच्यावानीच हाय."

सगळे हसले. मीही हसलो, आणि पिशवी परत केली नाही. एसटीत ते पिल्लू मिरच्यांवर बसून शिंकत होतं. पिल्लू शिंकलं की मिरच्या हलायच्या, मिरच्या हलल्या की सगळी गाडी शिंकायची. कंडक्टर दोनदा येऊन पिशवीकडे बघून गेला. तिसऱ्यांदा शिंकत आला तेव्हा म्हणाला, "मामा, तिकीट कुणाचं काढू, मिरचीचं का कुत्र्याचं?"

घरी बायकोने पिशवीत डोकावून पाहिलं. "मिरच्या आणायला गेला होतात ना?"

"वर आली," मी म्हटलं.

तिने पिल्लाचं तोंड धुतलं, डोळे धुतले, मग त्याला दूध दिलं आणि मला काही दिलं नाही.

मी तिला बाई म्हणायचो. दुसरंही एक नाव मुलीने ठेवलं होतं, पण त्या नावाला ती फक्त मुलगी घरी असताना वळायची. मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली आणि ते नाव मागे पडलं. उरली बाई.

ते दिवस आठवले की माझा राग जरा खाली बसतो, म्हणून तेच आधी लिहितो. सकाळी आमच्या वस्तीतल्या विहारासमोरच्या मैदानात आम्ही दोघं जायचो. थंडीत तिथं क्रिकेट खेळणारी पोरं शेकोटी करायची. बाई आधी सगळ्या शेकोटीला एक फेरी मारून कुणाकडे काय खायला आहे ते बघायची, मग धावायला लागायची. देशी कुत्री ती, अंगात नुसतं वारं. मैदानाच्या त्या टोकाला टिटव्या असायच्या, त्यांना उठवल्याशिवाय तिचा दिवस सुरू व्हायचा नाही. मग घरी येऊन आंघोळ, चहा, आणि स्कूटरवर पुढे माझ्या दोन पायांच्या मध्ये उभी राहून ती गुलमंडीत यायची. कान मागे, नाक हवेत. सिग्नलला थांबलो की शेजारचे रिक्षावाले तिला सलाम ठोकायचे. मला त्यांनी कधी ठोकला नाही.

दुकानात तिची जागा गादीच्या खाली, ताक्यांच्या सावलीत. ताका संपत आला की कडेच्या चिंध्या उरतात. त्या वळून, गाठी मारून मी तिला एक गोळा करून दिला होता. तो तिचा जीव. मी तो दुकानाच्या आतल्या बोळात फेकायचा, तिने धावत जाऊन धरायचा, दोन्ही बाजूंना झटकून मारायचा, जसा उंदीरच आहे, आणि मग घेऊन यायचा. पण आणून द्यायची नाही. माझ्यापासून हातभर लांब ठेवायची, त्यावर एक पंजा ठेवायची आणि माझ्याकडे बघायची.

मी अर्धं बिस्कीट दाखवायचो. ती मान फिरवायची.

मी अर्धं बिस्कीट जरा जवळ न्यायचो. ती रस्त्याकडे बघायची, जणू दुसरं गिऱ्हाईक येतंय.

मी आख्खं दाखवायचो. ती वास घ्यायची, विचार करायची, आणि मग पंजा उचलायची. एकदा शेजारचे साडीवाले चाचा हे सगळं उभं राहून बघत होते. म्हणाले, "क्या सेठ, ये तो तुमसे बी पक्की व्यापारी निकली. तुम तो आधे में मान जाते."

मला त्या बोलण्याचा जेवढा आनंद झाला तेवढा व्यापारी मंडळाने शाल दिली तेव्हा झाला नव्हता.

मग माझा गुडघा गेला. डॉक्टरांनी स्कूटर बंद केली, जिना बंद केला, मैदान तर बंदच. दुकान भाच्याच्या हाती दिलं आणि मी घरी खुर्चीत, समोरच्या स्टुलावर पाय ठेवून. बाई पहिले काही दिवस दारात उभी राहायची, माझ्याकडे बघायची, स्कूटरकडे बघायची. मग बायको तिला फिरवायला न्यायला लागली, पण बायकोचं चालणं आणि तिचं धावणं यांचा मेळ कसा बसणार? पट्टा ओढून ओढून तुटला.

तो पट्टा घ्यायला मी रिक्षाने औरंगपुऱ्यात गेलो. तिथं प्राण्यांच्या सामानाचं एक नवीन दुकान निघालं होतं. काचेचं दार, आत गारवा, कुत्र्यांसाठी स्वेटर टांगलेले. आपल्याकडच्या उन्हात कुत्र्याला स्वेटर! दुकानदार तिशीतला, टापटीप, कानात ते मोबाईलचं बोंड. मी पट्टा आणि साखळी निवडली आणि भाव विचारला.

"काका, फिक्स रेट आहे. लिहिलंय तिथं."

"लिहिलंय म्हणून? माझ्याबी दुकानात लिहिलंय. गिऱ्हाईक वाचतं आणि हसतं."

तोही हसला. तिथंच मी ओळखलं की हा भाव सोडणार. मग आम्ही भांडलो. त्याने मला कातड्याची जात सांगितली, मी त्याला ते कातडं नाही हे दाखवलं. त्याने सांगितलं परवडत नाही, मी उठलो. त्याने हाक मारली. सगळं जसं व्हायला पाहिजे तसं झालं. पट्टा पिशवीत पडल्यावर मी म्हटलं, "आता वर काय?"

"वर म्हणजे?"

"म्हणजे राग नाही ना, याची निशाणी."

काउंटरवर एक बरणी होती. त्यात पेनाएवढ्या बॅटऱ्या भरलेल्या. त्यातली एक काढून त्याने माझ्यापुढे धरली. ती अडकवलेल्या पुठ्ठ्यावर एका कुत्र्याचा फोटो, उडी मारतानाचा, जीभ बाहेर, खूश. "ही घ्या. बटण दाबलं की लाल ठिपका पडतो. तुम्ही खुर्चीत बसा, कुत्रं घरभर पळेल. तुमच्या गुडघ्याला तर एकदम बेस्ट."

मी तेव्हाच विचारलं. हे मी पुन्हा लिहितो, कारण पुढे यावरूनच भांडण झालं. मी विचारलं, "जनावराला काही होणार नाही ना? डोळ्याला बिळ्याला?"

"काय काका! कुत्र्यांसाठीच बनवलीय. फोटो बघा की."

मी फोटो बघितला आणि घेतली.

पहिले काही दिवस आमच्या घरात जत्रा होती. संध्याकाळी मी बटण दाबायचो आणि बाई फरशीवरून सुसाट. सोफ्यावरून, पलंगाखालून, भिंतीवर चार पायांनी चढल्यासारखी. कित्येक दिवसांनी तिच्या अंगात ते मैदानावरचं वारं आलं होतं. बायको तोंडावर हात ठेवून हसायची. मुलीला व्हिडिओ कॉल लावून दाखवलं, तिकडे पुण्यात तीही हसली. म्हणाली, "बाबा, अजून, अजून!" माझा गुडघा दुखतोय हे मी विसरून जायचो. आज हे लिहिताना मला त्या हसण्याचा राग येतो, पण तेव्हाचं ते हसणं खोटं नव्हतं. आमच्या घरात दुखण्याच्या दिवसांत तेवढंच काय ते चांगलं घडत होतं.

मी बटण सोडलं की ठिपका जायचा. बाई जिथं तो शेवटचा होता तिथं जाऊन नाक लावायची. हुंगायची. चाटायची. भिंतीला चाटून तिला काय मिळणार? मग माझ्याकडे वळून बघायची. चिंध्यांच्या गोळ्यावर पंजा ठेवून बघायची तसं नाही. त्या बघण्यात बोली असायची. या बघण्यात तसलं काही नव्हतं. मी हसून म्हणायचो, "संपला, बाई. उद्या."

पण तिचं उद्यापर्यंत थांबणं हळूहळू बंद झालं. आधी ती दुपारीच भिंतीपाशी जाऊन बसायला लागली. मग ती माझ्या तोंडाकडे बघेनाशी झाली, नुसती हाताकडे बघायची. मी मोबाईल उचलला की उठायची, चष्मा पुसला की उठायची. बायकोच्या बांगडीवर ऊन पडलं आणि छतावर कवडसा हलला की बाई खाली उभी राहून तोंड वर करून थरथरायची. जेवणाचं ताट टेबलावर ठेवलं की त्याचा उजेड भिंतीवर जातो हे मला साठ वर्षं ठाऊक नव्हतं. तिने शिकवलं.

मी बॅटरी कपाटात टाकली. तिला फरक पडला नाही. तिला आता बॅटरी लागतच नव्हती.

चिंध्यांचा गोळा पलंगाखाली पडलेला असायचा, ती त्याच्यावरून चालत जायची. भाकरी वाटीत वाळायची. जिला मिरचीवालीने लई खाती म्हणून दिली होती, तिच्या फासळ्या दिसायला लागल्या. आणि एका सकाळी बायकोने मला हाक मारून भिंतीचा खालचा भाग दाखवला. तिथं रंग उडाला होता आणि गिलावा उकरला होता, वर वाळलेले लाल ओरखडे होते. बाईचे पुढचे दोन्ही पंजे सोलले होते. ती भिंत उकरत होती. ठिपका आत गेलाय, असं तिला वाटत असणार. दुसरं काय वाटणार?

त्याच आठवड्यात ती मेलीच असती. बायको तिला गल्लीच्या तोंडाशी घेऊन गेली होती. कुणीतरी उभ्या मोटरसायकलचा आरसा फिरवला आणि उन्हाचा तुकडा रस्त्यावरून सरकत गेला. बाई बायकोच्या हातून साखळी हिसकून त्याच्यामागे. रिक्षा आली. रिक्षावाल्याने ब्रेक मारला म्हणून वाचली. बायको घरी आली ती पांढरी पडून. पाणी प्यायली आणि मग माझ्यावर बरसली.

"फुकट दिसलं की तुमचा हात पुढं! जहर ठेवलं असतं वर, तरी घेतलं असतं तुम्ही."

"मी विचारून घेतलंय!"

"कुणाला विचारलं? विकणाऱ्याला?"

"मग कुणाला विचारतात? मी कापड विकतो तेव्हा लोक मलाच विचारतात ना, रंग जाईल का. मी खरं सांगतो ना?"

"तुम्ही सांगता," ती म्हणाली. "तो तुम्ही नव्हता."

त्यावर मी ओरडलो, पण काय ओरडलो ते लक्षात नाही.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे आम्ही तिला नेलं. खोलीत ट्यूबलाइट होती, बाई टेबलावर उभी राहून तिच्याकडेच बघत होती. डॉक्टरीणबाईंनी पंजे पाहिले, डोळे पाहिले आणि पहिलाच प्रश्न केला, "घरी लेझर लाइट वापरता का?"

मी आणि बायकोने एकमेकांकडे बघितलं.

"म्हणजे तुम्हाला ठाऊक आहे?" मी म्हटलं.

"येतात अशी कुत्री. सगळ्यांना होत नाही. पण काहींचं डोकं त्यात अडकतं." त्यांनी समजावून सांगितलं. कुत्रं बघतं, पाठलाग करतं, धरतं, चावतं, तेव्हा त्याचं मन निवतं. ठिपका धरताच येत नाही. तोंडात काही येतच नाही. म्हणून शोधणं थांबत नाही, मग सावली, आरसा, कवडसा, जे हलेल ते. आणि किरण सरळ डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होऊ शकते ते वेगळंच.

मी ऐकत होतो आणि माझी कानशिलं गरम होत होती. डॉक्टरीणबाई कुत्र्याबद्दल बोलत होत्या, पण ते सगळं बाजाराचंच होतं. गिऱ्हाईक पळवायचं, दमवायचं, आणि हाती काही द्यायचं नाही. असं कुणी माझ्या दुकानात केलं असतं तर मी त्याला गादीवरून खाली ओढला असता. आणि इथं बटण माझ्या अंगठ्याखाली ठेवून माझ्याच हातून ते करवून घेतलं होतं.

"बरी होईल?" बायकोने विचारलं.

"कमी होईल. पहिल्यासारखी होईल का, ते आज सांगता यायचं नाही."

"मग असली वस्तू विकायला ठेवतातच कशी?" मी म्हटलं. जरा मोठ्याने म्हटलं असावं, कारण बाहेर बसलेल्या माणसाचं मांजर ओरडलं.

"ते विकणाऱ्याला विचारा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि पंजांना मलम लावायला लागल्या.

मी विचारलं. त्याच दिवशी, बायकोला आणि बाईला घरी सोडून, त्याच रिक्षाने गेलो. दुकानदाराने मला ओळखलं. "या काका, पट्टा कसा आहे?"

मी बॅटरी काउंटरवर ठेवली आणि सगळं सांगितलं. भिंत, पंजे, रिक्षा. त्याने बॅटरी उचलली, बटण दाबलं. समोरच्या काचेवर ठिपका पडला.

"चालू तर आहे," तो म्हणाला.

"चालूच आहे. तोच तर रोग आहे."

"काका, वर दिलेल्या मालाची ग्यारंटी नसते. तुम्हीच मागून घेतली."

"मी विचारलं होतं का नव्हतं? काही होणार नाही ना म्हणून?"

"मग बाकीच्यांच्या कुत्र्यांना कुठं काय होतंय? तुमचं गावठी असेल ना, त्यांची डोकी जरा..." त्याने बोटाने कानाजवळ स्क्रू फिरवल्यासारखं केलं.

त्यानंतर मी काय बोललो ते छापण्यासारखं नाही. रस्त्यावरचे लोक काचेला नाक लावून बघायला लागले. त्याचं एक म्हणणं मात्र खरं होतं, तो म्हणाला, "मी थोडीच बनवतो? मागं विचारा." म्हणून मी बरणीतल्या एका बॅटरीचा पुठ्ठा उलटा केला, चष्मा लावला. बारीक अक्षरात लिहिलं होतं, डोळ्यात मारू नका. बस. कुठे बनवली, कुणी बनवली, कुणाला विचारायचं, एक अक्षर नाही. साधा रुमाल विकताना मी गिरणीचा शिक्का बघतो. इथं कुत्र्याचा फोटो चार रंगांत छापायला जागा होती, स्वतःचं नाव छापायला नव्हती.

घरी आम्ही डॉक्टरीणबाईंनी सांगितलं ते सगळं केलं. खिडक्यांना जाड कापड लावलं, कापडाला काय तोटा होता. आरसा भिंतीकडे तोंड करून ठेवला. बायकोने चमकणाऱ्या बांगड्या काढून साध्या प्लॅस्टिकच्या घातल्या, मी घड्याळ काढलं, स्टीलची ताटं माळ्यावर गेली. आमच्या अंधाऱ्या घरात आम्ही तिघं घुबडासारखे वावरायचो. तिच्या नाकाला काम द्या, असं सांगितलं होतं, म्हणून भाच्याने दुकानातून चिंध्यांची पोती आणली. मी खुर्चीत बसून चिंध्यांच्या घड्यांत भाकरीचे तुकडे लपवायचो आणि ढीग तिच्यापुढे सारायचो. कॉटन, पॉपलीन, लुंगीचं कापड, साड्यांचे काठ. पहिले काही दिवस तिने बघितलंही नाही. मग एकदा नाक खुपसलं. तुकडा सापडला. चावला, गिळला. दाताखाली काहीतरी आलं.

मी रोज केलं. गुडघा बरा झाल्यावरसुद्धा दुकानात उशिरा जायला लागलो. एका सकाळी तिने ढिगातून एक लांब काठ ओढून काढला, माझ्यापासून हातभर लांब नेऊन ठेवला आणि त्यावर पंजा ठेवला. माझ्या तोंडाकडे बघितलं. हाताकडे नाही. मी जागचा हललो नाही. बायकोला खूण केली, ती स्वयंपाकघरातून बिस्कीट घेऊन आली, तिचेही पाय वाजत नव्हते. मी अर्धं मोडून दाखवलं. बाईने मान फिरवली! माझ्या डोळ्यात पाणी आलं, ते मी तसंच राहू दिलं. मी आख्खं पुढे केलं. तिने मान पुढे काढली.

तेवढ्यात वाऱ्याने खिडकीचं कापड हललं आणि उन्हाची एक रेघ भिंतीवरून सरकली. बाईने पंजा उचलला, पण माझ्यासाठी नाही. ती उठली, काठ तिथंच पडला, बिस्कीट माझ्या हातात राहिलं, आणि ती जाऊन भिंतीसमोर बसली.

त्यालाही आता बरेच महिने झाले. ती जेवते. पंजे भरले. मैदानात नेलं तर टिटव्या उठवते, ऊन वर यायच्या आत. पण घरात ऊन आलं की ती तिथं बसते, आणि त्यातून तिला कधी उठवता येतं, कधी येत नाही. ज्या दिवशी येत नाही त्या दिवशी मी शेजारी खाली बसतो. खाली बसलो की गुडघा ओरडतो, पण बसतो.

गेल्या आठवड्यात कामासाठी औरंगपुऱ्यात गेलो आणि ते दुकान दिसलं. मी आत जाणार नव्हतो. काचेतून ती बरणी दिसली, भरलेली, आणि तिच्यापुढे एक नवरा-बायको. त्यातल्या ताईंच्या हातात टॉवेलात गुंडाळलेलं पिल्लू. दुकानदाराने बटण दाबलं होतं, ठिपका फरशीवर फिरत होता आणि पिल्लू टॉवेलातून मान काढून बघत होतं.

मी दार ढकललं. "ताई, ते घेऊ नका," मी म्हटलं आणि काय झालं ते सांगितलं.

दुकानदार काउंटरमागून बाहेर आला. "काका, धंद्याच्या वेळी हे बरं नाही. मी तुमच्या दुकानात येऊन कापडाचा रंग जातो म्हणून बोंबललो तर?"

"बोंबल. रंग जात असेल तर खुशाल बोंबल. मी ताका बदलून देतो. तू काय बदलून देतोस?"

दुसऱ्याच्या दुकानात उभं राहून त्याचं गिऱ्हाईक तोडणं यासारखं वाईट काम आमच्या धंद्यात नाही. मी आयुष्यात कधी केलं नव्हतं. त्या दिवशी केलं, आणि उद्या पुन्हा करीन. त्या ताईंनी बॅटरी परत बरणीत टाकली. नवऱ्याने ओशाळून बिस्किटांचा पुडा घेतला. ते गेल्यावर दुकानदाराने माझ्याकडे न बघता बरणी उचलली आणि काउंटरखाली सरकवली. फेकली नाही. काउंटरखाली सरकवली, म्हणजे मी गेलो की पुन्हा वर यावी म्हणून.

मला पट्ट्याचे पैसे परत नकोत, माफी नको, दुसरं खेळणं तर नकोच. मला उत्तर पाहिजे. तो दुकानदार, त्याला माल पुरवणारा, आणि पुठ्ठ्यावर खूश कुत्र्याचा फोटो छापून स्वतःचं नाव गाळणारा, यातल्या कुणीतरी माझ्या घरी यावं. सकाळी दहाच्या सुमाराला यावं, तेव्हा हॉलमध्ये ऊन येतं आणि ती भिंतीसमोर बसलेली असते. तिच्याशेजारी फरशीवर बसावं, आणि ती जे शोधते आहे ते तिच्या तोंडात आणून द्यावं. देता येत नसेल, तर का देता येत नाही आणि तरी का विकलं, ते माझ्या बायकोसमोर, मोठ्याने, स्वतःच्या नावानिशी सांगावं. चहा मी पाजतो. बोला, तुमच्यातलं कोण येतंय?